खुर्ची गाडीले, लेकरू खुर्चीले

शेजारच्या कुसुमताई गाडीत बसल्या की आधी मागे वळून वेताची एक खुर्ची गदागदा हलवत. ती हलली, तर किल्ली फिरत नसे. पाय कापलेली ती छोटी खुर्ची त्यांनी जुन्या मोटारीच्या मागच्या सीटवर कातडी पट्ट्यांनी आवळली होती. सत्तरच्या दशकातल्या नागपुरात असलं काही दुकानात मिळत नव्हतं.

"खुर्ची गाडीले बांधा, लेकरू खुर्चीले," हा त्यांचा एकमेव धर्म. त्यांची दोन्ही पोरं तिच्यात बोंबलत मोठी झाली. कोणाला कीव आली तर म्हणत, "रडू द्या. रडते म्हणजे जितं आहे." आजच्या मानानं ती खुर्चीही कच्चीच. नातीसाठी मी दुकानातली घेतली, तीही हलवून बघूनच; दुकानदार वैतागला.

सासूबाईंच्या भाचीचं काटोलला लग्न होतं. हे पुढे गेले होते, म्हणून कुसुमताई आम्हाला गाडीनं नेणार होत्या. सासूबाई पुढच्या मानाच्या सीटवर बसल्या आणि दीड वर्षाच्या माझ्या मुलासाठी हात पसरले.

"दे वं इकडं. माह्या मांडीवर बसते तो."

कुसुमताईंनी किल्ली काढून पदराला बांधली. "मंग मी नाही नेत, काकू."

"काहून? आजीच्या मांडीहून चांगली जागा आहे का?"

मी नवी सून. लग्न चुकलं असतं तर दोष माझा आणि मूल पुढे दिलं असतं तर धास्तीही माझीच. मी त्याला कडेवर घेऊन फाटकातच उभी राहिले.

कुसुमताई घरात गेल्या आणि मोठं कोहळं घेऊन आल्या. ते सासूबाईंच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "घट्ट धरा. एक चक्कर मारू. सुटलं नाही, तर नातू तुमच्या मांडीवर."

"दहा लेकरं वागवली मी!"

गाडी गल्लीला वळसा घालून आली आणि माझ्यासमोर कचकन थांबली. कोहळं आपटून फुटलं. सासूबाईंचे दोन्ही हात समोरच्या डॅशबोर्डवर होते.

त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. कुसुमताई हळूच म्हणाल्या, "तुमचा दोष नाही, काकू. कोणाचेही हात आधी सोताले सावरते."

मुलगा मागे खुर्चीत काटोलपर्यंत भोकाड पसरून आला. मांडवाशी त्याचे मामेआजोबा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, पट्टा सोडता सोडता हसले, "लेकराले चोरावानी बांधून आणलं काहून? कोनाचं डोकं हे?"

मी कुसुमताईंकडे पाहिलं. पण सासूबाईच उतरून कडाडल्या, "माहं! काही म्हणणं आहे तुहं?"

कुसुमताई डॅशबोर्डवरच्या बिया पुसू लागल्या.

त्या अकलेचा मान सासूबाईंनी मरेपर्यंत मिरवला आणि कुसुमताईंनी तो कधी परत मागितला नाही. आता दोघीही नाहीत. खरं ठाऊक असलेली मीच उरले, म्हणून सांगून टाकलं.