देवळात वाजलेली गिटार

परवा मुलीने तिच्या मोबाईलवर माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं संगीत शोधून दिलं. "बाबा, तुम्ही खरंच हे ऐकायचात?" असं तिने तीनदा विचारलं. तिचा विश्वास बसेना, आणि त्यात तिची काही चूक नाही. रोज सकाळी अभंग लावणारा, सिनेमाचं गाणं जरा मोठ्याने लागलं तरी कपाळाला आठ्या घालणारा माणूस मी. तिने माझ्या कानात ती बोंडं घातली आणि गिटार सुरू झाली. करवतीने पत्रा कापावा तसा आवाज, मागे धडाधड ड्रम, आणि वर गळ्याच्या शिरा ताणून ओरडणारा कुणी गोरा गायक. दोन मिनिटं मस्त वाटलं. पाय आपोआप ठेका धरायला लागला. मग मी बोंडं काढून टेबलावर ठेवली.

"आता नाही ना आवडत?" मुलगी हसून म्हणाली. मी नाही म्हणालो. आवडलं होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

मी तेव्हा नांदेडला हॉस्टेलवर होतो. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून तीन-चार वर्षं होती. खोलीतल्या मित्राने ती कॅसेट कुठून तरी मिळवली होती आणि दिवाळीच्या सुट्टीपुरती मी ती त्याच्याकडून मागून आणली. वेष्टनावर जळणारी कवटी होती. गाण्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं, राग तेवढा कळायचा. तो कुणावर आहे हे मी कधी विचारलं नाही. वडील मास्तर, घरची काळी जमीन, आईच्या हातचं आयतं ताट. मला राग यावा असं घरात काही नव्हतं. तरी ती कॅसेट लावली की आपण कुणीतरी मोठे बंडखोर आहोत असं वाटायचं. वेष्टनावरची कवटी मी पेनाने वहीवर काढली होती, घरी माझ्या खोलीच्या भिंतीवरही काढली होती. आई म्हणायची, "घरात असलं अभद्र कशाला काढतोस?" आणि मला अजूनच शौर्य चढायचं.

चुडाव्याला गाडीतून उतरून तासभर चाललं की आमचं गाव. सुट्टीत गावात काकडा चालायचा. कार्तिकात महिनाभर पहाटे मारुतीच्या देवळात काकड आरती आणि भजन, आणि ते सगळ्या गावाला ऐकू जावं म्हणून लिंबाच्या झाडावर कर्णा बांधलेला. भजनी मंडळाचं सगळं वडिलांकडे असे. कर्णा, कॅसेटही वाजवणारं मशीन, माईक हा सगळा संच मात्र माझ्या एका वर्गमित्राचा होता. तो गावाच्या खालच्या अंगाच्या दलित वस्तीतला. परभणीत एका दुकानात राहून त्याने काम शिकून घेतलं होतं, आणि पंचक्रोशीतल्या लग्नांत त्याचाच संच वाजायचा. नामांतराच्या पहिल्या दंगलीत त्याच्या वस्तीतली घरं जळाली तेव्हा आम्ही दोघं तिसरीत होतो, माझ्या वडिलांच्याच वर्गात.

आता त्या संचाची व्यवस्था कशी होती ते सांगितलं पाहिजे. मशीन देवळाच्या आत, चौरंगावर. मशीनचा मालक बाहेर, गजांच्या खिडकीशी. पाटी कुठे लावलेली नव्हती आणि कुणी तोंडाने बोलतही नव्हतं, पण त्याने आत यायचं नाही हे लहान लेकरालाही ठाऊक होतं. त्यामुळे आत हात चालवायला कुणीतरी लागायचं. सुट्टीत ते काम माझ्याकडे असे. तो गजांना धरून सांगायचा, "डावीकडचं बटन दाब. त्याला नगं हात लावू, करंट बसंल," आणि मी तसं करायचो. आमची दोस्ती अशी खिडकीतून झाली. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एकदा मी त्याला ती कॅसेट घरच्या छोट्या टेपवर हळू आवाजात ऐकवली. त्याने कान गजांना लावला आणि मन लावून ऐकलं.

"ह्यो एवढा कामून बोंबलायलाय? कुणी मारलं का काय ह्याला?"

"समाजावर राग आहे त्याचा," मी ऐटीत म्हणालो.

"बरं हाय की मग ह्याचं. एवढं वरडून बी कुणी ह्याचं घर जाळायला येत न्हाई," तो म्हणाला आणि हातातल्या वायरचं टोक दाताने सोलायला लागला. मी हसलो. मला तो विनोद वाटला होता.

काकड्याच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी कर्ण्याचा आवाज गेला. दुपारी तो दुरुस्तीला आला. झाडावर चढण्याआधी खिडकीशी येऊन म्हणाला, "वायर मी सोडवलीय. तू आत मशीन चालू ठिव, मी वर जोड बघतो." देऊळ रिकामं होतं. कर्ण्याची वायर सुटलेली आहे म्हणजे आवाज आतल्या छोट्या स्पीकरमधूनच येणार, असा मी हिशेब केला. एवढं मोठं मशीन पुन्हा कधी हाताशी येणार? खिशातून कॅसेट काढली, घातली आणि आवाज पूर्ण वर नेला.

त्याच वेळी त्याने वर वायर जोडली.

मारुतीच्या देवळावरून ते संगीत सगळ्या शिवारात गेलं. बैल बुजले, पारावर पोथी ऐकत बसलेली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. मला धड बटनही सापडेना. मी कॅसेट, मशीन सगळं तसंच टाकून मागच्या दाराने पळालो आणि घराला वळसा घालून पाराकडून, काही माहीत नसल्यासारखा परत आलो. तोवर तो झाडावरून उतरून खिडकीशी धावला होता. आत कुणी नाही आणि वर गोंधळ चालू, म्हणून त्याने गजांतून हात खांद्यापर्यंत आत घालून पिन ओढली. लोक पोहोचले तेव्हा त्याचा हात देवळात होता.

"कुणी लावलं हे?" 

"म्या न्हाई लावलं. म्या बंद केलं."

कुणीतरी आतून कॅसेट आणि तिचं वेष्टन आणलं. कवटी बघून लोक आणखी भडकले. असल्या कॅसेटी ह्याच्याकडेच असणार, ह्या लोकांना मुद्दाम देव बाटवायचाय, नामांतराचं वारं डोक्यात गेलंय, असं जो तो बोलू लागला. मग वडील पुढे आले. सगळ्यांदेखत त्यांनी मला विचारलं, "आत तू होतास का?"

तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "नाही. मी घरी होतो."

त्या चार शब्दांत मी काय केलं ते मला उच्चारतानाच कळलं होतं. मी आत नव्हतो याचा अर्थ तो आत गेला होता. कॅसेट वाजवणं एक वेळ लोकांनी पोटात घातलं असतं, आत जाणं घालणार नव्हते. तो एवढंच म्हणाला, "गुर्जी, मी आत गेलो न्हाई." माझं नाव त्याने घेतलं नाही. बरीच वर्षं मी त्याला त्याचा मोठेपणा समजत होतो. मोठेपणा कसला? घेतलं असतं तर मानलं कुणी असतं?

त्याला दोन-चार जणांनी ढकललं, शर्ट फाडला. मशीन देवळाबाहेर फेकलं. देऊळ धुतलं, गोमूत्र शिंपडलं. पाण्याच्या घागरी भरून द्यायला मीही होतो. त्यानंतर त्याचा संच गावातल्या एकाही लग्नात वाजला नाही, शेजारच्या गावांनीही हात आखडता घेतला. सहा महिन्यांत तो म्हाताऱ्या आईला घेऊन परभणीला निघून गेला.

वडिलांनी मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. सुट्टी संपून मी हॉस्टेलला गेलो आणि पुढच्या खेपेला आलो तर माझ्या खोलीच्या भिंतीवरची कवटी चुन्याखाली गेलेली होती. बाकीच्या भिंती तशाच होत्या. वर्गात समतेचे धडे शिकवणारा माझा बाप आणि मी, आम्ही दोघंही ते पोटात ठेवून पुढे वीस वर्षं एकत्र जेवलो.

नामांतर झालं त्या वर्षी मी नोकरीला लागलो होतो. धीर करून परभणीला त्याच्या दुकानात गेलो. स्टेशनजवळ चांगलं दुकान होतं, तो एक मशीन उघडून बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रडलो, माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं. स्टूल पुढे केलं नाही.

"मला काय सांगायलास?" तो म्हणाला. "मी आत नव्हतो हे मला म्हाईत हाय. गावाला म्हाईत न्हाई. तिथं सांग." आणि पुन्हा मशीनमध्ये डोकं घातलं.

गावाला मी दर कार्तिकात जातो. वडील गेले, आता भजनी मंडळाच्या पुढच्या रांगेत मला बसवतात. गेल्या वर्षी काकड्यानंतर चहा चालला असताना एका म्हाताऱ्याने नव्या पोरांना ती गोष्ट रंगवून सांगितली: त्या साली त्यो कसा आत घुसला, कसलं सैतानी गाणं लावलं, आणि मग आम्ही देऊळ कसं धुतलं. सांगून झाल्यावर साक्षीसाठी माझ्याकडे वळला, "हे व्हते की तवा. इचारा ह्यांना." पोरं माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.

आज हे सगळं लिहिलं. वाटलं होतं, लिहिल्याने गावाला सांगितल्यासारखं होईल. वरपासून खालपर्यंत वाचून पाहिलं तर गावाचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही.