टिपणीसकाकांची पट्टी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते रद्दीसारखे आपोआप साठतात. फरक एवढाच, की रद्दी महिन्याअखेरीला विकता येते. किस्से घ्यायला मात्र अजून कुठला रद्दीवाला आमच्या दाराशी आलेला नाही! माझ्याकडचे बहुतेक किस्से एकाच खोलीतले आहेत. नवीन पनवेलमधली आमची सोसायटी, पहिल्या मजल्यावरचा टिपणीसकाकांचा हॉल आणि रविवारची दुपार.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रविवारी दुपारी टीव्हीवर प्रादेशिक भाषेतला चित्रपट लागायचा. आज बंगाली, पुढच्या रविवारी कन्नड, मग आसामी, उडिया. बिल्डिंगमधला पहिला कलर टीव्ही काकांचा, त्यामुळे जेवणं उरकून आम्ही सगळे तिकडे. पडद्यावर खाली इंग्रजी सबटायटल यायची. आमच्याकडे त्यांना 'पट्टी' म्हणत. मुंबईत सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेले काका ती पट्टी मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायचे. त्यांच्याशिवाय अर्ध्या हॉलला पिक्चर कळत नसे आणि खरं सांगायचं तर उरलेल्या अर्ध्याला त्यांच्यामुळेच कळत नसे!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. काकांची एकुलती एक मुलगी शैला. उरणकडे नवं बंदर झालं, तिथं नोकरीला आलेल्या एका मल्याळी मुलाशी तिनं लग्न केलं आणि ती केरळात गेली. काकांनी तिचं नाव टाकलं. आज ना उद्या हे म्हणतील, "लिही तिला, ये म्हणावं," एवढ्या एका आशेवर काकू दिवस काढत होत्या. काका पडद्यावरचं सगळं वाचायचे, पण ते वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. आम्ही शेजारी असून मध्ये पडलो नाही, याचं आज वाईट वाटतं.

*

एका बंगाली पिक्चरमध्ये नायक नदीकाठी नायिकेचा हात धरून काहीतरी फार हळवं बोलला. बायका पुढे सरकल्या. काकांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "आपणाविना जगणे मला शक्य नाही. तरी याबाबत योग्य तो विचार व्हावा."

नायिका डोळे पुसत काही बोलली.

काका म्हणाले, "सदर बाब वडिलांच्या अखत्यारीत येते."

बँकेतला कुलकर्णी माझ्या शेजारी बसायचा, चेष्टेखोर माणूस. तो म्हणाला, "काका, मग प्रेम मंजूर झालं का?"

"फाइल वर गेलीय," काका अगदी गंभीरपणे म्हणाले.

*

पट्टीचा मोठा शत्रू म्हणजे धोतर! अक्षरं पांढरी आणि बंगालातली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात. जमीनदार बैठकीवर येऊन बसला की पट्टी थेट त्याच्या धोतरावर यायची आणि दिसेनाशी व्हायची.

असाच एक म्हातारा जमीनदार मरायला टेकला होता. मुलाला जवळ बोलावून तो शेवटचं सांगत होता. काका वाचत होते, "बाळ, आयुष्यभर मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. तुझी खरी आई..." आणि थांबले.

शेवटी जोशीबाईंना राहवेना. "अहो काका, पुढे काय?"

"पुढे धोतर आहे!"

म्हातारा मेला. त्या मुलाची खरी आई कोण, हे आमच्या सोसायटीला आजतागायत कळलेलं नाही.

*

माझं मत विचाराल तर हे पिक्चर संथ असायचे, पण खोटे नसायचे. गरिबाचं घर गरिबाचंच दिसायचं आणि नायिका झोपेतून उठली की झोपेतून उठल्यासारखीच दिसायची. आमच्या मराठीत तेव्हा पळापळीचे विनोदी पिक्चर जोरात होते, ते बघून हसून हसून पोट दुखायचं आणि घरी येईपर्यंत सगळं विसरायला व्हायचं. हे मात्र सोमवारी कचेरीतही डोक्यात राहायचे. फक्त एक होतं, की त्यांत माणसं बोलायची फार कमी.

एका उडिया पिक्चरमध्ये तर एक बाई नुसती विहिरीकडे बघत बसली. संवाद नाही, संगीत नाही. काका बिनकामाचे बसले होते. कुलकर्णी म्हणाला, "आवाज गेला वाटतं!" त्यानं टीव्हीला दोन थपडा मारल्या. काही फरक नाही. मग तो गच्चीवर गेला आणि अँटेना फिरवायला लागला.

"आला का?" वरून हाक.

"नाही!" आम्ही खिडकीतून.

"आता?"

"आता चित्रही गेलं!"

बऱ्याच वेळानं चित्र परत आलं, तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. कुलकर्णी घामाघूम होऊन खाली आला. काकांनी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "आवाज ठीक होता रे. तिला बोलायचंच नव्हतं."

*

हिराबाई उरणकडची कोळीण. सोसायटीत मासळी देऊन झाली की टोपली जिन्यात ठेवून ती उंबऱ्याशी टेकायची. बंगाली पिक्चर तिचा लाडका, कारण त्यात दर थोड्या वेळानं कुणीतरी मासा आणायचं. "नदीचा हाय, कंटाला नाय येत यांना?" असं म्हणत ती शेवटपर्यंत बसायची.

एकदा आसामी पिक्चर होता. घर सोडून गेलेली मुलगी पावसात दाराबाहेर उभी आणि बाप आत हुक्का ओढतोय. बराच वेळ तेच चाललं होतं. हिराबाई तावातावानं म्हणाली, "ए बाबा, ऊठ की! पोर भिजतेय तुजी! दार उगड ना!"

बाप उठला नाही. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. बिचारी हिराबाई आमच्याकडे बघत राहिली, तिला काही ठाऊक नव्हतं. काकूंनी उठून तिला चहा आणून दिला. काकांनी पुढची पट्टी वाचली.

*

मल्याळी पिक्चर असला की काका घरात थांबत नसत. नावं सुरू व्हायच्या आत पायात चपला. "चला रे, पाय मोकळे करून येऊ." आणि जायचं कुठं, तर पळस्पे फाट्यापर्यंत, भर दुपारी! आम्ही पुरुषमंडळी निमूटपणे मागे. काकांना एकटं सोडणं बरं दिसत नसे.

फाट्यावर चहाची टपरी होती. आता गंमत बघा. केरळ नको म्हणून माणूस घरातून उठला आणि येऊन बसला कुठं, तर गोव्याचा रस्ता सुटतो तिथंच! केरळचे ट्रक त्याच रस्त्यानं येणार. पाठीवर ती गोल गोल अक्षरं लिहिलेला ट्रक आला, की काका चहाच्या ग्लासात बघायचे. ट्रक गेला, की तो वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडे बघायचे.

कुलकर्णी एकदा मला हळूच म्हणाला, "यापेक्षा पिक्चर बघितलेला बरा." तो चेष्टा करत नव्हता.

आणि इकडे घरी बायका पट्टीशिवाय पिक्चर बघायच्या. त्यांच्यात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. माझ्या बायकोनं काकूंना विचारलं होतं, "काही कळत नाही, तरी एवढ्या डोळे लावून काय बघता?"

काकू म्हणाल्या, "स्वयंपाकघर बघते गं. चूल की गॅस, पाणी कुठून भरतात, सासू बरी दिसते का. भातच खातात बघ दोन्ही वेळा. तिला भात आवडायचाच." त्या असं अगदी सहज बोलायच्या, आणि बायको घरी येऊन मला सांगताना रडायची.

*

मग काका जिन्यात घसरले आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. नेमका त्या रविवारी मल्याळी पिक्चर! काकांना उठता येईना. मी म्हटलं, "बंद करू का?" काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा आमच्यादेखत काकांना उलट उत्तर दिलं. "बंद नाही करायचा. आज वाचा. मला एकदा तरी कळू दे, ती माणसं काय बोलतात ते."

काका भिंतीकडे तोंड करून बसले. पण सवय कुठे जाते? हळूहळू मान वळली आणि कोरड्या आवाजात वाचन सुरू झालं. "भात तयार आहे." "उद्या बोट येणार." काकू हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या.

गोष्ट साधी होती. एक तरुण गडी सासऱ्याच्या अंगणात येऊन उभा राहतो. सासरा फार रागावलेला. तो वाटेल ते बोलतो, काका वाचत जातात. तरुण काही उलट बोलत नाही. शेवटी तो हात जोडतो आणि एकच शब्द म्हणतो, "अच्छा."

कुलकर्णी हसला. "हा हिंदीत कुठं घुसला मध्येच?"

काकांनी पट्टी वाचली नाही.

जोशीबाई म्हणाल्या, "काका, धोतर आलं का?"

धोतर नव्हतं. हिरवंगार अंगण होतं आणि अक्षरं स्वच्छ दिसत होती. तरुण पुन्हा म्हणाला, "अच्छा." पुन्हा खाली तीच अक्षरं आली. काकू म्हणाल्या, "अहो, काय लिहिलंय?"

"बाबा," काका म्हणाले. "'बाबा' लिहिलंय."

पिक्चर पुढे चालू राहिला. काका वाचत नव्हते. बऱ्याच वेळानं ते काकूंकडे वळले.

"तू तेव्हा विचारत होतीस ना, शैलाचा नवरा आपल्या दारात आला होता, तो जाताना काय बोलला म्हणून?"

"तुम्ही काही सांगितलंच नाहीत."

"मी त्याला नाही नाही ते बोललो. तो सगळं ऐकून घेऊन 'अच्छा' म्हणाला. मी म्हटलं, अच्छा तर अच्छा, आणि दार लावून घेतलं."