मशीनवर शिंपडलेलं पाणी

"म्हणा, मावशी, माझ्या हातून झालं. विषय संपला."

सर असं म्हणाले. कॉलेजातल्या मोठ्या साहेबांच्या खोलीत, सगळ्यांसमोर. मी उभी, बाकीचे खुर्चीत. माझी पोरगी भिंतीला टेकून. ती याच सरांच्या हाताखाली संशोधन करायची आणि मी त्याच खात्यात झाडू मारायची.

क्लार्क हसला. "मावशीनं ओल्या फडक्यानं मशीनला आंघोळ घातली वाटतं!"

मी म्हणाले, "आमच्या पडेगावात टँकर येईना. आमच्या अंगाला पाणी नाय, मशीनला कुठून घालू?"

मशीन म्हणजे नवा मोठा कॉम्प्युटर. पोरीचं गणित त्याच्यावर उन्हाळ्यापासून रात्रंदिवस चालू होतं. तिनं मला समजावलं होतं. दुष्काळात विहिरी खोल करताना सुरुंग लावला की काळ्या दगडात पांढरे खडे निघतात. त्यातले बरेचसे झिओलाइट. डोळ्याला न दिसणाऱ्या भोकांनी भरलेला दगड. गोबरगॅस त्यातून सोडला तर न जळणारा वायू भोकांत चिकटून बसतो, जळणारा पुढं निघून जातो. कोणता दगड चांगला, ते भट्टीत बनवून बघायला लई वेळ जातो. म्हणून मशीनमध्ये खोटा दगड मांडायचा, खोटा वायू सोडायचा, आणि एकेक कण भोकात टाकून बघायचं, टिकतो का बाहेर पडतो. लाखो वेळा.

दगडाचं बरं असतं. मशीनच्या खोलीत कोण आत, कोण बाहेर, हे सर ठरवायचे.

दसऱ्याला मशीनची पूजा होती. रोज मीच त्याची धूळ पुसायची. त्या दिवशी सर म्हणाले, "मावशी, आज तुम्ही बाहेर. पूजा आटोपल्यावर झाडायला या." पोरीलाही आत घेतलं नाही. आम्ही बौद्ध. पूजेचं मला काय? पण बाहेर का, हे मला कळत होतं.

काचेच्या दारातून सगळं दिसलं. हार घातला. नारळ फोडला. चालू मशीनच्या जाळीवर सरांनी नारळाचं पाणी शिंपडलं. टाळ्या वाजल्या. संध्याकाळी मशीन मेलं. पोरीचं गणितही गेलं.

आणि आता, म्हणा, माझ्या हातून झालं.

"सर, मी बाहेर होते. तुम्हीच ठेवलं होतं."

"आवाज खाली. पोरीचं पुढचं माझ्या सहीवर आहे, विसरू नका."

मी पोरीकडं पाहिलं. तिची मान खाली होती. 'व्हय' एवढा एक शब्द बोलले असते तर तिचं भागलं असतं. तोंडाशी आला होता तो शब्द. मग तिनं मान वर केली.

"आई, तू काय पाहिलं ते सांग."

मी सांगितलं. जाळी, नारळ, पाणी, टाळ्या. सगळं.

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. सरांना कोणी काही विचारलं नाही. माझं काम गेलं. पोरीला दुसरे सर शोधावे लागले, गणित पहिल्यापासून मांडावं लागलं. तिचं वर्ष बुडालं. ते आम्हाला कोणी भरून दिलं नाही.

आता तिथं आमच्या गल्लीतली बाई झाडते. तिला मी बजावलंय, "काही मोडलं आणि तुझ्यावर ढकललं, तर व्हय म्हणू नको. मला बोलव." मी जाणार. गेटवर अडवलं तर गेटवर उभी राहून ओरडेन. माझ्यासारख्या म्हातारीला उचलून न्यायला माणसं लागतील. ती जमतील, तेव्हा त्यांनाही ऐकवीन.