रणगाडे आले त्या शनिवारी

नोकरी गेली त्या उन्हाळ्यात मी दर शनिवारी हॉलंडमधला एक पूल लढवत होतो. वाचायला वेडगळ वाटेल, आणि होतंच ते. दुबईत अल क्वोजमध्ये माझा जुना मित्र ज्या कंपनीत मॅनेजर आहे तिचं गोदाम आहे. त्याच्या पोटमाळ्यावर आम्ही दोघांनी एक भलंमोठं टेबल मांडलं होतं. त्यावर नदी, पूल, पुठ्ठ्याची घरं आणि नखाएवढे सैनिक. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं आणि दुसऱ्या महायुद्धातली एक लढाई पुन्हा लढायची. जर्मनांच्या चाली नियमांप्रमाणे फासेच ठरवायचे.

माझ्याकडे ब्रिटिशांची पॅराशूट बटालियन होती. ही माणसं खरोखर होऊन गेली. विमानांतून उड्या टाकून ती शत्रूच्या मुलखात उतरली, चालत शहरात शिरली आणि पुलाचं एक टोक धरून बसली. एक-दोन दिवस धरा, दक्षिणेकडून आपले रणगाडे येतायत, असं त्यांना सांगितलं होतं. रेडिओ चालेनात, दारूगोळा संपत आला, घरं पेटली, तळघरं जखमींनी भरली. तरी सांगितल्यापेक्षा जास्त वेळ त्यांनी पूल धरून ठेवला. रणगाडे आधीच्या नदीपर्यंत आले आणि तिथेच त्यांचं घोडं अडलं. उरलेले बहुतेक कैदी झाले.

खेळात हे रणगाडे माझ्या मित्राकडे होते. माझी नोकरीसुद्धा त्याच्याच हातात होती. माझ्या कंपनीने मला काढलं, व्हिसा रद्द केला, आणि आता देश सोडायची मुदत चालू होती. ती संपायच्या आत नवीन व्हिसा नाही मिळाला तर बायको, मुलगी, शाळा, इंटरनॅशनल सिटीतला फ्लॅट, सगळंच आटोपलं. मित्र म्हणाला होता, "अरे, आमच्याकडे ओपनिंग आहे. एचआरशी बोललोय मी. इन्शाल्ला, नेक्स्ट वीक."

तो पुढचा आठवडा रोज एक दिवस पुढे सरकत होता. मी देव पाण्यात घालून बसलो होतो. दुसरीकडे अर्ज टाकतच होतो, पण उत्तर देण्याचेही कष्ट कुणी घेत नव्हतं. फोन वाजला की मी झडप घालायचो, आणि निघायचा कुणीतरी क्रेडिट कार्ड विकणारा. त्याला मी शिव्या घालायचो. बायको म्हणायची, "त्या बिचाऱ्याने काय केलंय तुझं?" आणि एकदा म्हणाली, "तुझ्या मित्राचं म्हणजे बोलाचाच भात, बोलाचीच कढी. वॉशिंग मशीनला गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू का?"

"थांब," मी ओरडलोच तिच्यावर. वॉशिंग मशीन गेलं की आपण गेलो, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

माझ्या सैनिकांच्या टोप्या मुलीने रंगवल्या होत्या, ड्रॅगन मार्टमधून आणलेल्या मरून रंगाने. शनिवारी घरी आलो की ती दारातच विचारायची, "बाबा, डिड द टँक्स कम?"

"नाही गं. अजून नाही."

"दे नेव्हर कम," असं म्हणून ती आत जायची.

माझा मित्र नियमांच्या बाबतीत अतिशय चेंगट माणूस. बंदुकीचा पल्ला अर्धा इंच जास्त धरला म्हणून त्याने माझ्याशी जेवण थंड होईपर्यंत वाद घातलाय. शेवटची नदी ओलांडायला रणगाड्यांना सहा पडावे लागत, आणि ते कधी पडत नसत. तो चुकचुकायचा आणि रणगाडे होते तिथेच राहायचे. माझी माणसं एकेक करून उचलून डब्यात जायची. मला त्याचा राग यायचा, पण त्याच्यावर विश्वासही होता. नियमाने चालणारा माणूस शब्दाला जागेल, असं मी धरून चाललो होतो.

मुदत संपत आली होती तेव्हाचा तो शनिवार. माझ्याकडे एका जळक्या घरात मूठभर माणसं उरली होती. मी एचआरचं विचारलं, तर म्हणाला, "आधी टर्न संपवू." फासा टाकला. माझ्या डोळ्यांसमोर पडला तो. दोन.

त्याने झटकन फासा उचलला. "सहा!" म्हणाला. "यल्ला, चला, आलो बघ." आणि सगळे रणगाडे नदी ओलांडून माझ्या माणसांशेजारी नीट रांगेत लावले. "वाचलास लेका."

मी त्याच्याकडे बघितलं. तो रणगाडेच सरळ करत बसला होता, सरळ असलेले. मला रडू आलं आणि संतापही आला, आणि दोन्ही गिळून मी म्हणालो, "बरं झालं आलास."

एचआरचं मी पुन्हा विचारलं नाही.

घरी आलो. मुलगी दारातच होती. "बाबा, डिड द टँक्स कम?"

"आले," मी म्हणालो.

"रिअली? सो वी वन!" ती नाचतच आत गेली.

बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, "त्या वॉशिंग मशीनवाल्याला फोन कर."