वडिलांच्या मापाचं डायपर

नवीन जालन्यात स्टेशनजवळ औषधाचं दुकान चालवणारे काका हळू बोलतच नाहीत. मोठ्या माणसांचं डायपर मागणारा प्रत्येक जण "वडिलांसाठी" म्हणतो, आणि काका बिनदिक्कत त्याच्याच कमरेला टेप लावतात. परवा मीही तेच म्हणालो. माझे वडील जाऊन नऊ वर्षं झाली. दहाव्याला काका स्वतः आले होते. तरी त्यांनी टेप लावला.

"मिडियम बराबर बसंल वडलांना. पाणी पिणं कमी करू नका म्हणावं, अन् डॉक्टरला दाखवा. लाजायचं न्हाई बिलकुल."

"बाहेरून कुणाला कळतं का हो?" मी पुटपुटलो.

काका काउंटरबाहेर आले. तीन उड्या मारल्या त्यांनी, आणि स्वतःच्या कमरेवर थाप मारून म्हणाले, "आमच्या वडलांनीबी सकाळपासून घातलंय. कळलं का तुम्हाला?"