मागच्या रांगेतला बैल

यंदा चैत्रगौरीच्या आराशीसाठी मी माझं लाडकं कपाट रिकामं केलं. एक शिंग आखूड असलेला मातीचा बैल, चिंध्यांची बाहुली, गवताचा मोर. चित्र काढून हात थकले की मी यांच्याकडेच बघत बसते; प्रत्येकावर कुणाच्या तरी बोटांचा दाब आहे. आंब्याची डाळ घेऊन बाहेर आले, तर नणंदेने ते सगळं मागे सारून पुढे प्लॅस्टिकचे हंस मांडलेले.

"वेडंवाकडं दिसत होतं गं वहिनी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साच्यातून निघतं ते देखणं, आणि माणसाच्या हातचं तेवढं वेडंवाकडं? मी डाळीची वाटी पुढे केली.

"घरी केलीस ना?" तिने विचारलं. "मला विकतची नाही चालत."