जीतची सरासरी

जीत कुणाला 'कसा आहेस' असं विचारायचाच नाही. मेसमध्ये समोर बसला की पहिला प्रश्न, "ओए, किती आले? आणि क्रेडिट किती?" बस! लगेच ताटातल्या रोट्या मांडून हिशेब सुरू.

चंडीगडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी नागपूरहून नवा नवा आलेलो. पहिल्या सेमिस्टरला सगळ्या विषयांच्या ग्रेड पॉइंटची बेरीज केली, विषयांच्या संख्येनं भागली, साडेसात आले आणि मी धावत जाऊन घरी ट्रंककॉल केला! शेजारच्या खोलीतला गुरजीत, म्हणजेच आमचा जीत, पोट धरून हसला. "मराठे, लॅबमध्ये दहा आणि गणितात पाच, अशी सरळ बेरीज करतोस? गणित चार क्रेडिटचं, म्हणजे चार रोट्या. लॅब एक क्रेडिटची, ते लोणचं. लोणच्यानं पोट भरतं का यार?" प्रत्येक पॉइंटला क्रेडिटनं गुणायचं, बेरीज करायची, मग एकूण क्रेडिटनं भागायचं. माझे साडेसात धाडकन सहावर आले. पण समजलं ते पक्कं समजलं. अख्खं हॉस्टेल त्याच्याकडूनच सरासरी काढून घ्यायचं.

स्वतःची सरासरी मात्र तो जीवापाड जपायचा. पाचच्या खाली गेली की कॉलेजातून नाव कमी. आणि त्याला गावी परतायचंच नव्हतं. गाव तरनतारनकडचं, दिवस पंजाबातल्या दहशतीचे. "रात्री बंदूकवाले येऊन रोटी मागतात. सकाळी पोलीस येऊन विचारतात, रोटी का दिली? बीजीनं मला इथे शिकायला नाही, जगायला पाठवलंय," हे तो हसत सांगायचा. हसत!

चौथ्या सेमिस्टरला बीजी, म्हणजे त्याची आई, आजारी पडली. तिला बघून परत येताना नाक्यावर पोलिसांनी त्याला बसमधून उतरवलं. पगडी, दाढी आणि तरुण वय. आणखी काय लागतं? सोडलं तोवर चार क्रेडिटचा पेपर होऊन गेला होता.

डीनसाहेब म्हणाले, "ठाण्याचा कागद आणा, तो विषय सरासरीत धरणार नाही." आम्ही दोघं गेलो. ठाणेदार म्हणाला, "कोण गुरजीत? आम्ही कुणाला धरलंच नव्हतं." मग हळूच, "कागद हवाच असेल तर संशयित म्हणून लिहून देतो. चालेल?"

जीत उठला. "चल, मराठे."

पेपरला शून्य लागलं, त्याचे चार क्रेडिट मात्र भागाकारात तसेच राहिले. बेरीज अठ्ठ्याण्णव, भागिले वीस. चार पॉइंट नऊ. मी डीनसाहेबांपुढे अक्षरशः ओरडलो, शंभरला दोनच कमी आहेत हो, सर! "नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. किती छान वाटतं ना ऐकायला! जीतनंच मला बाहेर ओढलं. "भागाकार बरोबर आहे त्यांचा. उगाच भांडू नकोस यार."

तो गावी गेला. थंडीत त्याचे चाचाजी त्याची गादी न्यायला आले. जीतला पोलिसांनी घरातून उचललं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, कालव्याकाठी चकमक झाली. वर्तमानपत्रात नावसुद्धा नाही. 'एक अतिरेकी ठार', एवढंच.

गादीला दोरी बांधता बांधता चाचाजी थांबले. जीत अभ्यासात खरंच कच्चा होता का, हे त्यांना विचारायचं होतं. "पुत्तर, सच दस्सीं. पढाई विच कमजोर सी?"

"नहीं, चाचाजी," मी म्हणालो. "छह से ऊपर था."

खोटं नव्हतं ते. अठ्ठ्याण्णव भागिले सोळा. पोलिसांनी हिरावलेला तेवढा पेपर मी धरला नाही.